चौथ्या आकड्याची जागा

१

अण्णा भिंतीच्या पायथ्याशी पडलेले होते आणि त्यांच्या उजव्या मुठीत सहाचा आकडा होता.

आकडा म्हणजे वीतभर उंचीची निळ्या झिलईची टाइल. गणित संस्थेच्या दर्शनी दालनात नवी भिंत उभी राहिली होती. पांढऱ्या भिंतीवर निळ्या आकड्यांच्या दोन ओळी होत्या, प्रत्येक ओळीत सात आकडे. संध्याकाळी उद्घाटन होतं, म्हणून वरून पडदा सोडला होता. तो आता अर्धवट ओढला गेला होता. शिडी आडवी पडली होती, शेजारी छिन्नी होती, आणि वरच्या ओळीतल्या चौथ्या आकड्याची जागा रिकामी होती.

सकाळी दार उघडायला आलेल्या पहारेकऱ्याने हे पाहिलं आणि आधी संचालकांना फोन केला, मग पोलिसांना.

आलेल्या इन्स्पेक्टरच्या पायाला भिंगरी होती. ठाण्यात त्याच्या माघारी त्याला भिंगरीच म्हणत. सगळे प्रेताभोवती गप्प उभे असताना हा भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत होता.

"यात शोधण्यासारखं काही नाही हो," संचालक हलक्या आवाजात म्हणाले. कडक इस्त्रीचा सदरा, पण बोटं सारखी घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करत होती. "अण्णा आणि आमच्या प्रोफेसरबाई, दोघांनी आयुष्यभर अशाच संख्यांवर एकत्र काम केलं. मग बिनसलं. गेली कित्येक वर्षं दोघांचा छत्तीसचा आकडा. आता या भिंतीवर नाव लागणार ते एकट्या बाईंचं. म्हाताऱ्याला ते सहन झालं नाही. जुनी किल्ली होती त्यांच्याकडे, मागच्या दाराची. पहाटे आले, आकडा उपटला, तोल गेला."

"आकडे बरोबर होते का, आधी?"

"म्हणजे काय! मी बाईंकडून तपासून घेतलेत."

इन्स्पेक्टर उकिडवा बसला. भिंतीच्या कडेला, फरशीच्या फटीत, नखाएवढी निळी कपची अडकली होती. त्याने ती चिमटीत धरली. मग अण्णांच्या मुठीतली टाइल चारी बाजूंनी पाहिली.

सहाच्या टाइलचा टवकासुद्धा उडालेला नव्हता.

मग फुटलं काय होतं?

२

अण्णांची लेक दारातच उभी होती. रडून झालेलं दिसत होतं. आता नुसता राग होता.

"तुम्हीही तेच विचारायला आलात ना? बाबा जळत होते का म्हणून? सकाळपासून तेवढंच ऐकतेय. शेजारच्या काकूंनी तर दाराशी येऊन सांगितलं, 'एवढा शिकलेला माणूस, या वयात असं करायचं का?' सांत्वन म्हणे!"

"तुम्हाला काय वाटतं?"

"बाबा भांडतील. तोंडावर भांडतील, शब्दाला शब्द वाढवतील. पण मोडतोड? घरातला नळ गळला तरी स्वतः शिडी लावून दुरुस्त करायचे. बाईंशी भांडण झालं ते तरी कशावरून? एका सिद्धतेत कुणाची ओळ आधी यावी यावरून. दोघंही हट्टी." ती एकदम थांबली. "त्यांची पिशवी कुठे आहे?"

"कसली पिशवी?"

"कापडी, खाकी. तिच्याशिवाय बाबा कोपऱ्यावरसुद्धा जात नाहीत. पहाटे खांद्याला लावूनच बाहेर पडले, मी स्वतः पाहिलं. मला म्हणाले, 'झोप तू, चहाला येतोच.'"

भिंतीपाशी पिशवी नव्हती. इन्स्पेक्टरने जिना उतरता उतरताच ठाण्याला फोन लावून खात्री करून घेतली. कुणीच पिशवी पाहिली नव्हती.

प्रोफेसरबाई आपल्या खोलीत खिडकीशी पाठ करून उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, ताठ, केस बारीक कापलेले. बसा म्हणाल्या नाहीत.

"कोणता आकडा काढला त्याने?"

"वरच्या ओळीतला चौथा."

"म्हणजे तीन."

"नाही. सहा."

बाई वळल्या. "इन्स्पेक्टर, माझी जन्मतारीख विसरेन, पण ती संख्या नाही. त्र्याण्णव लाख त्रेसष्ट हजार पाचशे चौऱ्याऐंशी. चौथा आकडा तीन."

"मुठीत सहा होता, बाई. जागा एकच रिकामी आहे. आणि संचालक म्हणतात, भिंत तुम्ही तपासलीत."

"मी?" त्यांचा आवाज चिरकला. "मला भिंत दाखवलीच नाही. 'उद्घाटनाला पाहा, आश्चर्याचा धक्का देऊ,' म्हणाला तो."

दोघांपैकी एक जण धडधडीत खोटं बोलत होता. गाडीत बसून इन्स्पेक्टरने चावी फिरवली, बंद केली, पुन्हा फिरवली. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला.

"डोक्याला मार आहे. पण पडल्यावर जवळजवळ तासभर जिवंत होते. कुणी नुसती हाक मारली असती आणि आणलं असतं, तर वाचले असते."

३

इन्स्पेक्टरच्या वहिनी कॉलेजात गणित शिकवत. मोठ्या भावाचं लग्न झालं तेव्हापासून या दिराने त्यांना एकही गणित विचारलं नव्हतं. आज दुपारी मात्र तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन संख्या लिहून बसला. बसला म्हणजे टेबलाभोवती फिरत राहिला.

"भावजी, तुम्ही आधी एका जागी थांबा. मला गरगरतंय." वहिनींनी चष्मा लावला. "अहो, या मित्रसंख्या आहेत!"

"संख्यांनाही मित्र असतात?"

"सगळ्यांना नसतात. दोनशे वीस घ्या. तिला ज्या ज्या संख्यांनी पूर्ण भाग जातो, एक, दोन, चार, पाच अशा, ती स्वतः सोडून सगळ्यांची बेरीज करा. दोनशे चौऱ्याऐंशी येते. आता दोनशे चौऱ्याऐंशीचे भाजक घेऊन तेच करा. परत दोनशे वीस. एकीच्या पोटात दुसरी."

"आणि या दोन?"

"तोच प्रकार, फक्त अंगापिंडाने मोठ्या. हे बघा, भाजकांची बेरीज संख्येएवढीच आली तर संख्या पूर्ण. जास्त आली तर विपुल. कमी आली तर तुटीची. इथे वरची विपुल आहे आणि खालची तुटीची. वरचीकडे जेवढं जास्त, तेवढंच खालचीकडे कमी. म्हणून जमतं त्यांचं."

"वहिनी, संचालक म्हणतो भिंत बरोबर होती, म्हणजे चौथा आकडा सहा. बाई म्हणते तीन. बाईवर विश्वास ठेवू की संचालकावर?"

"कुणावरच नको. खालची ओळ शाबूत आहे ना? मग तिलाच विचारू."

त्यांनी चौऱ्याण्णव लाख सदतीस हजार छप्पन्न ही संख्या निम्मी केली. पुन्हा निम्मी, पुन्हा निम्मी. सात वेळा निम्मी केल्यावर त्र्याहत्तर हजार सातशे सत्तावीस उरली. विषम.

"आता हिला कुणाकुणाने भाग जातो ते पाहायला हवं."

चहा दोनदा झाला. भाग कुणानेच जाईना. संख्या मूळ निघाली. मग वहिनींनी एका दमात गुणाकार, वजाबाकी केली आणि उत्तर लिहून कागद त्याच्यासमोर फिरवला.

९३६३५८४.

"तीन," इन्स्पेक्टर पुटपुटला.

"तीनच. आणि सहा घालून बघितलं तर तीनदा निम्मी केल्यावरच विषम येते, गाडी तिथेच अडते. सहा असेल तर या दोघी मित्र नाहीत, ओळखीच्याही नाहीत." वहिनींनी चष्मा काढला. "भावजी, मुठीत सहा होता म्हणजे भिंतीवर सहा होता. चुकीचा. ज्या माणसाने उभा जन्म या संख्येबरोबर काढला, तो तिथे मोडायला गेला नव्हता. दुरुस्त करायला गेला होता."

इन्स्पेक्टर पहिल्यांदाच स्थिर उभा राहिला.

"मग रिकाम्या हाताने कसा जाईल? त्याच्याजवळ तीन असणार."

"असणारच. कुठे आहे तो?"

४

शहराच्या टोकाला, एका बंद पडलेल्या गोदामात, टाइल बनवणारीची भट्टी होती. तिशीची मुलगी. संस्थेत सगळे तिला भट्टीवाली म्हणत. ती मातीचा गोळा मळत होती आणि इन्स्पेक्टरला पाहिल्यावरही मळतच राहिली.

"मला सांगितलं तसं मी केलं. आकडे संचालकांनी फोनवर सांगितले."

"त्यांनी चौथा काय सांगितला?"

तिने गोळ्यावर आणखी पाणी शिंपडलं.

इन्स्पेक्टरने अण्णांच्या मुठीतला सहा तिच्यासमोर ठेवला. शेजारी मोबाइलवर भिंतीचा फोटो धरला. "मला गणितातलं काही कळत नाही. पण हे बघ. भिंतीवर अजून दोन सहा आहेत, एक वर, एक खाली. दोघांची शेपटी गोल वळलीय. याचीच सरळ सुटलीय. का गं?"

तिचे हात थांबले.

फळीवर पुठ्ठ्याचे साचे टांगलेले होते. तिने तीनाचा साचा काढला, मातीवर ठेवला, मग तोच उचलून पालथा ठेवला. तीनाचा सहा झाला. शेपटी सरळ सुटलेली.

"इतर बहुतेक आकडे उलटे पडले असते तर लगेच दिसले असते," ती म्हणाली. "तीन पालथा पडला की सहा होतो. मला कळलंच नाही. परवा मीच अण्णांना बोलावलं, भिंत बघायला या म्हणून. पडद्याआड बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं आवडली. मग कानात सांगितल्यासारखं म्हणाले, 'पोरी, तुझा एक तीन तोंड फिरवून बसलाय.'"

"मग तू नवा तीन भाजलास."

"काल संध्याकाळी दिला. मी येते म्हटलं. नको म्हणाले. 'तुझं पहिलंच मोठं काम आहे, बोभाटा कशाला? मी पहाटे जाऊन बसवून येतो.' फक्त संचालकांच्या कानावर घालतो म्हणाले." तिने मातीच्या हातानेच डोळे पुसले. "माझ्या चुकीपायी गेले ते. हे मी कुणाला आणि कसं सांगणार होते?"

"संचालकांच्या कानावर घातलं का त्यांनी?"

"माझ्यासमोरच फोन केला. बोलणं झालं आणि अण्णांनी फोन असा आपटला..."

संचालक सकाळी या फोनबद्दल एक अक्षर बोलले नव्हते.

पण न सांगितलेला फोन म्हणजे गुन्हा नव्हे. चुकीचा साचा हिचा होता. भांडण बाईंचं होतं. मागच्या दाराच्या किल्ल्या तिघांकडेही होत्या.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी इन्स्पेक्टरने तिघांना दालनात बोलावलं. अण्णांची लेकही आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. पडदा पूर्ण काढला होता. बाईंनी भिंतीकडे एकदा पाहिलं आणि मान वळवली.

"पहाटे अण्णांबरोबर इथे आणखी कुणीतरी होतं," इन्स्पेक्टर येरझारा घालत बोलू लागला. "अण्णांनी सहा काढला. पिशवीत नवा तीन होता. तो बसवायच्या आत ते पडले. पडल्यावर तासभर जिवंत होते, असं डॉक्टर म्हणतात. मग त्या कुणीतरी पिशवी उचलली, तीन उचलला आणि निघून गेला. मागे उरलं काय? मुठीत सहा घेतलेला एक म्हातारा. बघणाऱ्याला वाटावं, जळफळाटाने भिंत फोडायला आला होता."

"हे सगळे तर्क झाले," संचालक म्हणाले.

"तर्कच. पुढचाही ऐका. तीन का पळवला? भिंत चुकलेली होती हे कळू नये म्हणून. आता बाईंचं बघू. बाईंनी हे केलं असतं का?"

बाईंनी हनुवटी वर केली.

"नसतं केलं. कारण त्यांना ठाऊक आहे की तीन लपवून काही लपत नाही. खालची संख्या जागेवर आहे तोवर वरची संख्या तिच्यातून निघतेच. माझ्या वहिनींनी दुपारच्या चहाला काढली. तीन लपवणाऱ्याला वाटलं, टाइल गेली की पुरावा गेला. म्हणजे त्याला संख्येतलं काही कळत नव्हतं."

तो भट्टीवालीपाशी थांबला. ती खाली बघत होती.

"आता ही. चूक हिची होती, लपवायचं कारणही हिच्याकडे होतं. पण हिने काय उचललं असतं? तीन नव्हे, सहा! सहाच्या अंगावर हिचा पालथा साचा लिहिलेला आहे. ती शेपटी बघून हिला धडकी भरली असती. चोराने नेमका तोच सहा मुठीत राहू दिला आणि निर्दोष तीन उचलून नेला. म्हणजे त्याला मातीतलंही काही कळत नव्हतं."



"संख्या कळत नाही आणि मातीही कळत नाही," लेक खांबापासून सावकाश म्हणाली. सगळ्यांच्या माना वळल्या.

"हा शुद्ध बनाव आहे!" संचालकांचा चेहरा पांढरा पडला होता. "तो म्हातारा जळत होता. सगळ्या संस्थेला माहीत आहे. पुरावा काय तुमच्याकडे?"

"हो, तेच सांगायचं राहिलं." इन्स्पेक्टरने सहज घड्याळ पाहिलं. "खाकी पिशवी सापडली. नवा तीनसुद्धा आहे तिच्यात. नशीब बघा, अगदी अख्खा. आता लगेच बसवून घेऊ, उद्घाटनही उरकून—"

"अख्खा कसा असेल?" संचालक ओरडले. "त्याचे तर—"

वाक्य तिथेच तुटलं.

इन्स्पेक्टरने खिशातून कागदाची घडी काढली आणि उलगडून समोर धरली. आत नखाएवढी निळी कपची होती.

"त्याचे तुकडे झाले. बरोबर. एक इथेच राहिला. पिशवी अजून सापडायची आहे. ती कुठे आहे, ते आता तुम्ही सांगाल."

संचालक शिडीच्या पायरीवर बसले. मग बोलू लागले ते कुणाकडेही न बघता.

"संस्थेच्या मंडळाला लिहून दिलं होतं की आकडे बाईंनी तपासले. तपासून घेतलेच नव्हते. बाई शंभर खुसपटं काढतात, वेळ नव्हता. आदल्या दिवशी अण्णांचा फोन आला. म्हटलं, राहू द्या, कोण मोजत बसतंय? ते म्हणाले, मी पहाटे येतो. मी आलो तेव्हा सहा काढून झाला होता. पाहुण्यांसमोर भिंतीला भोक दिसणार! मी त्यांच्या डाव्या हातातली टाइल ओढली. त्यांनी सोडली नाही. एवढंच. ढकललं नाही मी."

"आणि मग तासभर?" बाईंनी विचारलं. आवाज अगदी साधा होता. "तासभर जिवंत होता तो. तू कुठे होतास?"

"घरी. अंघोळीला."

बाई पुढे झाल्या. क्षणभर वाटलं, त्या हात उगारणार. पण त्या लेकीपाशी गेल्या आणि तिच्या शेजारी, त्याच खांबाला टेकून, उभ्या राहिल्या.

६

पिशवी संचालकांच्या गॅरेजमध्ये जुन्या टायरांमागे मिळाली. तीनाचे पाच तुकडे, सिमेंटची पुडी, आणि डबीत चष्मा.

संध्याकाळी ती परत द्यायला इन्स्पेक्टर अण्णांच्या घरी गेला. लेकीने पिशवी घेतली, तिचे बंद नीट केले, मग विचारलं, "खरं सांगाल? सकाळी तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. मला तेवढंच हवंय जेवढं खरं आहे. बाबांना शुद्ध होती का त्या तासात?"

असल्या प्रश्नांना त्याच्याकडे ठेवणीतली उत्तरं होती. ती त्याने बाजूला ठेवली.

"डॉक्टर म्हणतात, नसावी. पण छातीठोक सांगता येत नाही म्हणतात."

तिने मान हलवली. "बरं झालं, गोड करून सांगितलं नाहीत."

मग तिने फोन उचलून एक नंबर लावला. पलीकडे घंटी बराच वेळ वाजत राहिली.

"आत्या, मी बोलतेय. ठेवू नकोस, आधी ऐक. काल तू म्हणालीस, अशा भावाचं तोंड बघायला मी येणार नाही. ऐक ना. बाबा भिंत बिघडवायला गेले नव्हते. एका मुलीची चूक झाली होती, ती कुणाला कळू नये म्हणून गुपचूप दुरुस्त करायला गेले होते. सिद्ध झालंय. उद्या सगळीकडे छापून येईल, पण मला वाटलं, तुला आधी माझ्याकडून कळावं."

पलीकडून काही ऐकू येईना. लेक फोन कानाला लावून तशीच उभी राहिली. इन्स्पेक्टर निघावं म्हणून दाराकडे वळला, तेव्हा खोलीच्या शांततेत पलीकडचा म्हातारा, रडका आवाज त्यालाही ऐकू आला.

"दार उघडं ठेव. निघालेय मी."